सागाच्या पलीकडे : लेथसाठी लाकूड कोणतं निवडावं?

लेथ मशीन घेतलं, हत्यारांना धार लावली, की पुढचा प्रश्न लाकडाचा. वखारीत विचारलं तर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं : साग घ्या. दारं, खिडक्या, कपाटं, टेबलं यांच्यासाठी हा सल्ला चोख आहे. लेथच्या कामाला मात्र तो अपुरा पडतो. फर्निचरसाठी सुताराला लांब, सरळ, न वाकणाऱ्या फळ्या लागतात. कातकाम करणाऱ्याला वीतभर ठोकळाही पुरतो, पण तो ठोकळा धारेखाली स्वच्छ कापला जायला हवा. गरज वेगळी असल्यामुळे उत्तम लाकडाची यादीही वेगळी होते.

ही यादी महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाला मोठी सोयीची आहे. तिच्यातली निम्मीअधिक झाडं वखारीत नसतातच. ती परसात, शेताच्या बांधावर, शहरातल्या रस्त्यांच्या कडेला आणि जुन्या फळबागांत उभी असतात. छाटणीत किंवा वादळात पडली की त्यांचं सरपण होतं. हे लाकूड सरपणात जाण्याआधी ओळखता यावं आणि कोणत्या वस्तूला कोणतं घ्यायचं हे ठरवता यावं, यासाठी हा लेख आहे.

लाकडात काय पाहावं

पहिली गोष्ट पोत. ठोकळ्याचा आडवा छेद धारदार पात्यानं तासून घ्या, थोडा ओला करा आणि भिंगातून पाहा. झाडानं पाणी वर नेण्यासाठी वापरलेली छिद्रं तिथं दिसतील. सागात ती मोठी असतात आणि दर वर्षाच्या वाढीच्या सुरुवातीला ओळीनं दाटलेली असतात, त्यामुळे एकाच ठोकळ्यात मऊ आणि कठीण पट्टे आलटून पालटून येतात. कुडा, हेदू, पेरू यांच्यात छिद्रं इतकी बारीक आणि सारखी पसरलेली असतात की नुसत्या डोळ्यांना ती जवळजवळ दिसत नाहीत. वस्तूवर बारीक मणी, खाचा, धारदार कडा हव्या असतील तर अशा पोताचं लाकूड घ्यावं.

दुसरी गोष्ट रेषा. लाटणं, रवी, पाळण्याचे गज अशा लांबट वस्तूंत लाकडाच्या रेषा लेथच्या अक्षाला समांतर असतात. तिथं सरळ रेषेचं लाकूड निवडावं, कारण तिरकी रेषा दबावाखाली फुटते. वाडगा किंवा ताट करताना रेषा अक्षाला आडव्या येतात. मग प्रत्येक फेऱ्यात हत्यार दोनदा रेषेच्या बाजूनं आणि दोनदा रेषेविरुद्ध जातं, आणि रेषेविरुद्ध जातानाच लाकूड उपटलं जातं. आंबा, कडुनिंब, जांभूळ, चिंच यांच्यात मुळातच रेषा उलटसुलट विणलेल्या असतात. त्यांना जास्त तीक्ष्ण धार आणि हलका हात लागतो, आणि त्याच रेषांमुळे त्यांच्यावर प्रकाशात हलणाऱ्या लाटा दिसतात.

तिसरी गोष्ट वजन. वाळलेल्या लाकडाचं घनमीटरला वजन पांगाऱ्यात साधारण ३०० किलो, शिवणीत ५००, सागात ६५०, बाभळीत ८०० आणि शिसवीत ८५० च्या आसपास असतं. खानदेश-विदर्भातल्या अंजनाचं लाकूड हजार किलोच्या वर जातं आणि पाण्यात बुडतं. फार हलकं लाकूड धारेखाली दबतं, त्यामुळे पृष्ठभाग केसाळ होतो. फार जड लाकूड धार लवकर बोथट करतं, पण कापलं गेलं की पॉलिश पेपरशिवायही चमकतं. शिकणाऱ्याला ५०० ते ७०० च्या दरम्यानचं लाकूड सर्वांत सोपं जातं.

बारीक कामाची लाकडं : कुडा, हेदू, शिवण

बारीक कातकामासाठी मी पहिलं नाव काळ्या कुड्याचं घेईन. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची आणि आंध्र प्रदेशातल्या एटिकोप्पाकाची लाखेची खेळणी याच झाडाच्या लाकडाची असतात. चन्नपट्टणमध्ये त्याला 'हाले' म्हणतात, एटिकोप्पाकामध्ये 'अंकुडु'. लाकूड हस्तिदंतासारखं पांढरट, अतिशय बारीक पोताचं आणि एकसारखं असतं. त्याला स्वतःची ठळक नक्षी नसते आणि हाच त्याचा गुण ठरतो, कारण पांढऱ्या पृष्ठभागावर लाखेचा लाल, पिवळा, हिरवा रंग जसाच्या तसा उमटतो. भोवरे, बांगड्या, कुंकवाच्या डब्या, भातुकलीची भांडी, बुद्धिबळाच्या सोंगट्या यांना याच्यासारखं लाकूड नाही. झाड लहान असतं, त्यामुळे मोठा वाडगा त्यातून निघत नाही. पांढरं लाकूड ओलं राहिलं की बुरशीचे निळसर डाग पडतात. म्हणून तोडल्यावर लगेच साल काढून, सावलीत, हवा खेळेल असं रचून वाळवावं. पोटाच्या औषधासाठी ज्याची साल आपल्याकडे वापरतात तो पांढरा कुडा वेगळा. त्याचंही लाकूड पांढरं आणि मऊ असतं, आणि कातकामाला चांगलं चालतं.

हेदू, म्हणजेच हळदू, नावाप्रमाणे ताजा कापल्यावर पिवळाधमक दिसतो. हवा-उजेड लागला की पिवळसर तपकिरी होतो. कापड गिरण्यांच्या काळात सुताच्या बॉबिन हेदूच्या बनत, कारण त्याचा पोत एकसारखा असतो आणि वेगानं फिरताना कडा तुटत नाहीत. याच कारणानं झाकणाची डबी, हत्याराची मूठ, कातीव बटणं, आटे पाडलेले भाग यांना हेदू उत्तम.

शिवण वजनाला हलकी आणि रंगानं फिकट पिवळसर. ओलाव्याच्या चढउतारात ती फार कमी हलते, म्हणून वाद्यं, चौकटी आणि कोरीवकाम यांच्यासाठी तिला पूर्वीपासून मागणी आहे. लेथवर ती सहज कापली जाते आणि धार टिकते. नवशिक्यांसाठी मी शिवण सुचवतो. ती लवकर वाढते, शेतकरी बांधावर लावतात, त्यामुळे कोवळ्या झाडांचे ठोकळे स्वस्तात मिळू शकतात. फक्त हत्याराची धार बोथट होऊ देऊ नका, नाहीतर मऊ लाकूड कापलं जाण्याऐवजी चेपलं जातं.

सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांत हलक्या पांगाऱ्याचा वापर होत आला आहे. रंगवायच्या फळांना आणि हातानं घडवायच्या आकारांना तो सोयीचा आहे. लेथवर बारीक कडा काढायच्या असतील तर मात्र पांगारा टाळावा.

वाडग्यांची लाकडं : रेन ट्री, आंबा, फणस

मोठा वाडगा करायचा तर बुंधा मोठा हवा, आणि शहरात तो रेन ट्रीचा मिळतो. हे झाड मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. सावलीसाठी ते आपल्याकडे लावलं गेलं आणि मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर त्याचे मोठाले छत्रीसारखे विस्तार झाले. मुंबईत पिठ्या ढेकणाच्या किडीनं बरीच झाडं वाळली. हवाई बेटांवर याच लाकडाचे वाडगे हा नावाजलेला धंदा होता आणि आजही जगभरचे कातकाम करणारे हे लाकूड मागतात. गाभा चॉकलेटी, सालीलगतचा पट्टा फिकट पिवळा. एकाच वाडग्यात दोन्ही आले की वेगळी सजावट लागत नाही. याहून मोठा गुण म्हणजे ते वाळताना फार आकसत नाही. ओल्या लाकडातून थेट पातळ वाडगा काढला तरी तो फुटण्याची शक्यता कमी असते. पावसाळ्याआधी रस्त्याकडेच्या फांद्या छाटल्या जातात तेव्हा लक्ष ठेवा, रीतसर विचारा आणि ठोकळे घ्या.

आंबा सगळीकडे मिळतो आणि त्याच्याबद्दल सगळ्यांचं मत फारसं चांगलं नसतं : हलकं, किडणारं, पेट्या आणि सरपणाचं लाकूड. लेथच्या दृष्टीनं हा अन्याय आहे. जुन्या आंब्याच्या बुंध्यात गुलाबी, राखाडी, हिरवट पट्टे सापडतात. जिथून फांदी फुटते तिथल्या खोबणीत रेषा एकमेकींत गुंतून पिसाऱ्यासारखी नक्षी तयार होते. बुरशीची सुरुवात झालेल्या आंब्यात काळ्या नाजूक रेघा उमटतात. बुरशीच्या दोन वसाहती एकमेकींना भिडतात तिथं ही रेघ तयार होते. अशा लाकडाला स्पाल्टेड म्हणतात आणि त्याला कातकामात खास किंमत आहे. बुरशीला थोडा वेळ द्यायचा आणि लाकूड भुसभुशीत व्हायच्या आत वाळवायचं, एवढं सांभाळावं लागतं. नखानं दाबून पाहा. नख रुतलं तर उशीर झाला. असं लाकूड शोभेच्या वस्तूंना वापरावं, जेवणाच्या भांड्यांना नको. कोकणात जुन्या हापूस बागांची पुनरुज्जीवनासाठी छाटणी होते तेव्हा मोठ्या फांद्यांचा ढीग पडतो. त्यातल्या खोबणीच्या जागा आधी मागून घ्या. आंब्याचा चीक अंगाला लागला की काहींना पुरळ उठतं, म्हणून ओलं लाकूड हाताळताना लांब बाह्यांचा शर्ट घाला.

फणस हे माझ्या दृष्टीनं कोकणातलं सर्वांत गुणी कातकामाचं लाकूड. ताजा कापला की पिवळा, काही महिन्यांत सोनेरी, काही वर्षांत तांबूस तपकिरी. वाळवी त्याला सहसा लागत नाही. तंजावरची वीणा आणि दक्षिणेतला मृदंगम् फणसाच्या लाकडाचे असतात, यावरून त्याच्या घट्टपणाची कल्पना यावी. लेथवर तो सुरेख कापला जातो. पूजेची तबकं, फुलदाण्या, सुक्या मेव्याचे वाडगे, देव्हाऱ्याचे खांब यांना तो शोभतो. रंग बदलणार हे धरूनच काम करा. फणस आणि शिसव एकत्र जोडले तर आज दिसतो तो उठाव दहा वर्षांनी थोडा कमी झालेला असेल.

कोकणातला आणखी एक पर्याय माडाचा. माडाला वाढीची वर्तुळं नसतात. उभ्या तंतूंच्या गडद जुड्या खोडात पसरलेल्या असतात, बाहेरच्या भागात दाट आणि मध्याकडे विरळ. म्हणून जुन्या माडाच्या बुंध्याजवळचा बाहेरचा भाग घ्यावा आणि मधला मऊ भाग टाकावा. ठिपक्यांची नक्षी देखणी दिसते, पण धार लवकर जाते. शेवटचा हात नव्यानं धार लावूनच द्यावा.

घाव सोसणारी लाकडं : बाभूळ, चिंच, वेडी बाभूळ

देशावर बैलगाडीची चाकं, औतं, उखळं, मुसळं बाभळीची होत आली आहेत. ते लाकूड जड, चिवट आणि धक्का सोसणारं असतं. लेथवर त्यातून लाटणी, बत्ते, हत्यारांच्या मुठी, ताक घुसळायची रवी हे सगळं उत्तम होतं. गाभा आधी गुलाबीसर असतो, हळूहळू तांबडा तपकिरी होतो. घट्ट असल्यामुळे कापल्याबरोबर चमक येते. दोष एवढाच की ओल्या ठोकळ्याला लवकर तडे जातात. म्हणून बाभूळ घरी आणल्याच्याच दिवशी टोकांना मेण किंवा रंग लावावा.

चिंचेचं सालीलगतचं लाकूड रुंद आणि पिवळसर असतं. गडद जांभळट गाभा जुन्या झाडातच सापडतो आणि तोही थोडा. लाकूड इतकं कठीण की खाटकाचे ठोकळे त्याचे करतात. कापायला अवघड, पण हाती लागलेला तुकडा बत्ता, खलबत्ता किंवा जाड कडेचा वाडगा यांसाठी ठेवा. बुरशीच्या काळ्या रेघा असलेली चिंच परदेशातल्या कातकामात महाग विकली जाते. फिकट भागाला पोखरणारी कीड लागते, म्हणून भुकटी दिसते का ते तपासत राहा.

वेड्या बाभळीबद्दल मला आग्रहानं सांगायचं आहे. सोलापूर, मराठवाडा, उजनीचा परिसर इथं नदीपात्रात आणि पडीक रानात तिनं जागा व्यापली आहे. लोक तिचा कोळसा करतात. अमेरिकेत मेस्किट नावानं ओळखली जाणारी झाडं तिच्याच कुळातली आहेत, आणि तिथले कातकाम करणारे मेस्किटला फार मानतात, कारण वाळताना ते लाकूड अगदी कमी आकसतं आणि आकार जवळजवळ बदलत नाही. आपल्या वेड्या बाभळीतही हा गुण आहे. गाभा तांबूस तपकिरी, खोड वाकडं. वाकड्या खोडामुळे सुतार तिला हात लावत नाही, पण लेथला एक फूट सरळ लाकूड पुरतं. काटे जपून काढा. डब्या, मेणबत्तीचे स्टँड, लहान वाडगे, मुठी करून पाहा.

शिसव, सिसू आणि साग

गडद जांभळट तपकिरी रंगावर काळ्या रेघा, घट्ट पोत आणि पॉलिश न लावताही येणारी झळाळी, हे शिसवीचं वैभव. तिचा ठोकळा मोठ्या वाडग्यात खर्च करू नका. पेन, सोंगट्या, बांगड्या, पेटीच्या मुठी अशा लहान वस्तूंना ती द्या. जुन्या बाजारात मोडक्या पलंगाचे आणि खुर्च्यांचे शिसवी पाय मिळतात. ते पूर्ण वाळलेले असतात आणि त्यासाठी नवं झाड तोडावं लागत नाही. कापण्याआधी त्यांच्यावरून लोहचुंबक फिरवा, कारण आत खिळा असतो. सिसू हा शिसवीचाच भाऊबंद, रंगानं सोनेरी तपकिरी, उत्तर भारतात मुबलक मिळणारा. दोन्ही एकाच वंशातले असून तो जवळजवळ संपूर्ण वंश २०१७ पासून वन्य जिवांच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. म्हणून परदेशी वस्तू पाठवायची असेल तर आधी नियम तपासून घ्या.

साग टाकाऊ नाही. जिन्याच्या कठड्याचे खांब, पलंगाचे पाय, झोपाळ्याचे दांडे, बाहेर पावसात राहणाऱ्या वस्तू यांना त्याच्याइतकं भरवशाचं लाकूड नाही. तो कमी आकसतो आणि त्यातलं तेल त्याला पाण्यापासून जपतं. पण त्या लाकडात सिलिका असते, ती धार खाते. पोत जाड असल्यामुळे बारीक मण्यांच्या कडा तुटतात. म्हणून सागात मोठे, भरदार आकार काढावेत, नाजूक काम काढू नये.

लहान फळझाडं

पेरूचं लाकूड बारीक पोताचं, घट्ट आणि चिवट असतं. हत्यारांच्या मुठींना ते नामी आहे. संत्रं, मोसंबी, लिंबू यांचं लाकूड फिकट पिवळं, घट्ट आणि गुळगुळीत निघतं. डाळिंबाचंही पिवळसर आणि कठीण. बोराचं तांबूस आणि जड. बकुळ आणि चिकू एकाच कुळातले, दोघांचंही लाकूड कठीण. नागपूर-अमरावतीकडे संत्र्याच्या आणि सोलापूरकडे डाळिंबाच्या जुन्या किंवा रोगट बागा काढल्या जातात, तेव्हा हे लाकूड चुलीत जातं. खोडं मनगटाएवढी असली तरी पेन, किल्लीचे झुमके, कपाटांच्या मुठी, भोवरे यांना पुरतात. या कामातलं समाधान मोठं आहे : ज्या बागेचं फळ खाल्लं तिचं लाकूड हातात राहतं.

ओलं की वाळलेलं?

झाडाच्या ओल्या लाकडात पाणी भरपूर असतं. ते उडून जाताना लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, पण वर्तुळांच्या दिशेनं जितकं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच केंद्राकडून सालीकडे आकसतं. या असमानतेमुळे गोल वाडगा लंबगोल होतो आणि अखंड ओंडका मध्यापासून फुटतो. म्हणून ओंडका आणला की मधून उभा चिरा आणि खोडाचा अगदी मधला भेंडाचा भाग काढून टाका. टोकांना मेण, फेव्हिकॉल किंवा जुना ऑइल पेंट लावा, कारण पाणी टोकांतून सर्वांत वेगानं जातं. मग सावलीत, जमिनीपासून वर, खाली पट्ट्या ठेवून रचा.

वाडग्यांसाठी दोन टप्प्यांची पद्धत वापरा. ओल्या ठोकळ्यातून आधी जाडसर वाडगा काढा, भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी ठेवा. दहा इंची वाडग्याला एक इंच. तो कागदी पिशवीत किंवा लाकडाच्याच भुश्शात ठेवा आणि दर आठवड्याला वजन करून तारखेसह पेन्सिलनं तळाशी लिहा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तुमच्या हवेशी जुळलं. आता लंबगोल झालेला वाडगा पुन्हा लेथवर लावून शेवटचा आकार द्या.

'तुमच्या हवेशी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. रत्नागिरीत जुलैमध्ये लाकडातला ओलावा १६ ते १८ टक्क्यांवर स्थिरावतो. चंद्रपुरात मे महिन्यात तो पाच-सहा टक्क्यांपर्यंत उतरतो. सागासारख्या शांत लाकडाच्या सत्तर मिलिमीटर तोंडाच्या डबीतही एवढ्या फरकानं दीड मिलिमीटरपर्यंत बदल होऊ शकतो. म्हणून कोकणातून विदर्भात जाणाऱ्या डबीचं झाकण घट्ट बसवू नका, आणि झाकणाच्या वस्तूंना नेहमी पूर्ण वाळलेलं, शक्यतो हेदू किंवा शिवण असं स्थिर लाकूड घ्या.

लाकूड कायद्यानं मिळवा

महाराष्ट्रात झाड आपल्या मालकीच्या जमिनीत असलं तरी अनेक जातींची तोड परवानगीशिवाय करता येत नाही. ग्रामीण भागासाठी १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे, शहरांसाठी १९७५ चा झाडांच्या संरक्षण आणि जतनाचा. साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ अशी परिचित झाडंही या बंधनांत येतात आणि लाकूड वाहून नेण्यासाठी परवाना लागू शकतो. चंदन आणि रक्तचंदन यांच्या वाटेला जाऊ नका. शहरात पडलेली फांदी उचलण्याआधी पालिकेच्या उद्यान विभागात किंवा सोसायटीत विचारा. वखारींत, उदाहरणार्थ पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये, कापून उरलेले ठोकळे मिळतात. सुतारांना, बागमालकांना आणि सरपणवाल्यांना सांगून ठेवलं की वर्षभराची बेगमी होते.

धूळ आणि चीक

लाकडाची धूळ निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये तिचा समावेश माणसाला कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला. शिरीषाच्या धुळीनं शिंका थांबत नाहीत. साग आणि शिसवीच्या धुळीनं काहींच्या त्वचेला खाज सुटते. कडुनिंब आणि रेन ट्रीची धूळ नाकाला झोंबते. बिब्ब्याच्या लाकडाला हातच लावू नका, त्याच्या तेलानं फोड येतात. कण्हेर विषारी आहे, तिचे चमचे-वाट्या करू नका. पॉलिश पेपर घासताना एन-९५ मास्क, आणि फिरत्या लाकडासमोर नेहमी पूर्ण चेहऱ्याचं कवच वापरा. धार चांगली असेल तर लाकडाचा कीस निघतो, धूळ कमी होते. आरोग्यासाठीसुद्धा धार लावायला शिका.

शेवटचा हात

खेळणी आणि डब्यांसाठी लाख हा आपला जुना आणि उत्तम लेप आहे. लाखेची कांडी फिरत्या वस्तूवर दाबली की घर्षणाच्या उष्णतेनं ती वितळून पसरते. चन्नपट्टणचे कारागीर मग केवड्याच्या जातीच्या पानानं घासून तिला आरशासारखी चमक आणतात. लाखेचे किडे पळस, कुसुम, बोर यांवर पोसले जातात. लाखेला उष्णता आणि मद्यार्क सोसत नाही, म्हणून गरम वाटीला ती लावू नका.

जेवणाच्या भांड्यांना कच्चं जवसाचं तेल पातळ हातानं लावा, जादा पुसून टाका आणि पूर्ण वाळू द्या. याला काही आठवडेही लागतात. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या 'बॉइल्ड' तेलात धातूंची संयुगं असतात, ते भांड्यांना नको. शेंगदाण्याचं तेल खवट होतं आणि खोबरेल वाळत नाही. जवसाच्या तेलानं भिजलेली फडकी चुरगळून टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून उघडी पसरून वाळवा.

सुरुवात कुठून करावी?

पहिल्या महिन्यात शिवणीचे आणि आंब्याचे ठोकळे घ्या, त्यांच्यावर सरळ दंडगोल, मणी आणि खाचा घोटून काढा. मग हेदू किंवा कुड्याची एक झाकणाची डबी, बाभळीचं एक लाटणं, रेन ट्रीचा एक ओला वाडगा करा. एवढ्या कामांत पोत, रेषा, वजन आणि वाळणं या चारही गोष्टी हाताला कळतील. शिसव तोपर्यंत बाजूला राहू द्या. प्रत्येक ठोकळ्यावर झाडाचं नाव, जागा आणि तारीख लिहा. काही वर्षांत तुमच्याकडे तुमच्याच परिसराच्या लाकडांची खात्रीची माहिती जमा होईल, आणि ती विकत मिळत नाही.

आपल्याकडे वर्षभरात छाटलेली, पडलेली, बागेतून काढलेली जी झाडं चुलीत जातात, त्यांतली कित्येक कातकामाला बाजारातल्या महाग फळीहून सरस आहेत. तेव्हा या पावसाळ्यात तुमच्या गल्लीत फांदी पडली, तर ती कोणत्या झाडाची आहे हे आधी विचारा, रीतसर परवानगी घ्या आणि तिचे ठोकळे टोकांना मेण लावून ठेवून द्या.